पाचच्या ठोक्याला पाच मिलिग्रॅम

जानेवारी २००९मध्ये एलाय लिली या अमेरिकी औषध कंपनीने सरकारपुढे गुन्हा कबूल केला आणि एकंदर १४१ कोटी ५० लाख डॉलर भरायचं मान्य केलं. तिचं 'झायप्रेक्सा', म्हणजे ओलान्झापिन, हे औषध स्किझोफ्रेनिया आणि बायपोलर आजारासाठी मंजूर झालेलं होतं. कंपनीने ते स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांसाठी खपवलं, तेही थेट नर्सिंग होम गाठून. विक्री प्रतिनिधींना एक घोषवाक्य पढवलं होतं, असं सरकारी वकिलांनी म्हटलं: 'पाचला पाच'. संध्याकाळी पाच वाजता पाच मिलिग्रॅम द्या, पेशंटला झोप लागेल.

घोषवाक्य रचणाऱ्याला नर्सिंग होमचं वेळापत्रक बरोबर ठाऊक होतं. पाचच्या सुमाराला दिवसपाळीची माणसं घरी गेलेली असतात. जेवणं भरवायची असतात, कपडे बदलायचे असतात, आणि नेमक्या त्याच कातरवेळी स्मृतिभ्रंशाची माणसं सैरभैर होतात. कुणी बंद दार ठोकत बसतं, कुणी कधीच वारलेल्या आईला हाका मारतं, कुणी 'पोरं शाळेतून आली असतील, मला घरी सोडा' म्हणत नर्सचा हात पिरगाळतं. मजल्यावर दोनच मदतनीस असतील, तर पाच मिलिग्रॅमची गोळी म्हणजे तिसरा मदतनीसच.

हे पुस्तक त्या गोळीबद्दल आहे आणि ती ज्यांच्या तोंडात जाते त्यांच्या मनाबद्दल. दोन्ही विषय एकत्र घेतले आहेत, कारण ते वेगळे करताच येत नाहीत. नर्सिंग होममधली मानसिक आजारावरची औषधं पुष्कळदा आजाराच्या मापाने दिली जात नाहीत, हाताशी किती माणसं आहेत त्या मापाने दिली जातात. म्हणून तिथे औषधं उदंड आणि उपचार तोकडे अशी विचित्र स्थिती एकाच खोलीत, एकाच खाटेवर दिसते.

आपल्याकडे नर्सिंग होम म्हटलं की बाळंतपणाचं किंवा छोट्या ऑपरेशनचं खाजगी हॉस्पिटल डोळ्यांपुढे येतं. इथे अभिप्रेत आहे ती अमेरिकेतली संस्था: ज्यांना उठणं-बसणं, अंघोळ, जेवण एकट्याने जमत नाही अशा माणसांचं, बहुतेक वृद्धांचं, शेवटच्या टप्प्यातलं घर. अशी सुमारे १५ हजार घरं त्या देशात आहेत आणि त्यांत बारा लाखांहून अधिक माणसं राहतात. लेखकाने अमेरिकाच निवडली याचं कारण साधं आहे. तिथे प्रत्येक रहिवाशाची स्थिती, निदान आणि गोळ्या ठरावीक काळाने सरकारी तक्त्यात भराव्या लागतात. नोंद आहे म्हणून लबाडीही पकडता येते. आपल्या वृद्धाश्रमांत असा देशव्यापी तक्ता भरला जात नाही, त्यामुळे आपल्याकडचं चित्र बरं की वाईट हे छातीठोकपणे सांगण्याची सोयच नाही.

या संस्थांमध्ये मानसिक रुग्ण इतक्या संख्येने आले कुठून, हा प्रश्न आधी सोडवायला हवा. १९५५मध्ये अमेरिकेच्या सरकारी मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांहून जास्त माणसं होती. क्लोरप्रोमाझिन हे मनोविकारावरचं औषध नुकतंच बाजारात आलं होतं आणि 'रुग्णांना समाजात परत पाठवा' ही हाक जोर धरत होती. हाक चांगलीच होती. पण १९६५मध्ये गरिबांच्या उपचारांचा खर्च उचलणारी मेडिकेड योजना आली तेव्हा तिच्या नियमांत एक पाचर मारली गेली: प्रामुख्याने मानसिक आजारांसाठी चालणाऱ्या संस्थेतल्या पासष्टीच्या आतल्या प्रौढांचा खर्च केंद्र सरकार उचलणार नाही. नर्सिंग होमचा मात्र उचलेल. राज्यांनी हिशोब केला आणि मनोरुग्णालयांतली माणसं गाडीत बसवून नर्सिंग होमला पोचवली. समाजात परत जाण्याऐवजी ती एका मोठ्या इमारतीतून दुसऱ्या, जरा लहान इमारतीत गेली, आणि तिथे मनोविकारतज्ज्ञही नव्हता.

पुढे काय झालं ते सिनेटर फ्रँक मॉस यांच्या समितीने १९७०च्या दशकात चव्हाट्यावर आणलं. समितीच्या अहवालमालेतला एक भाग केवळ औषधांवर होता: त्यांचा गैरवापर, चढ्या किमती आणि औषध दुकानदारांनी नर्सिंग होमचालकांना दिलेली दलाली. डिसेंबर १९८७मध्ये कायदा झाला. रहिवाशाला शिस्त लावण्यासाठी किंवा कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी पट्ट्याने बांधायचं नाही आणि औषधानेही बांधायचं नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलं. पट्टे हळूहळू खरंच कमी झाले. पट्टा दिसतो, भेटायला आलेली मुलगी तो बघून भांडते. पोटात गेलेली गोळी दिसत नाही, आणि खुर्चीत मान टाकून बसलेली आई शांत झाली आहे असंच मुलीला वाटतं. डॉक्टर मार्क बिअर्स यांनी १९९१मध्ये वृद्धांसाठी अयोग्य औषधांची यादी केली, तीही मुळात नर्सिंग होममधल्या माणसांसाठी होती. पुढे ती सगळ्याच वृद्धांसाठी जगभर वापरली जाऊ लागली.

ओलान्झापिनसारख्या अँटिसायकॉटिक औषधांनी नुकसान काय होतं, हे समजल्याशिवाय पुढचं गणित कळणार नाही. अँटिसायकॉटिक औषधं मेंदूतल्या डोपामिनचा मार्ग अडवतात. तरण्या माणसाला भास होत असतील तर त्याचा जीव वाचवणारी ही गोष्ट आहे. ऐंशी वर्षांच्या माणसात त्याच गोळीने अंग ताठरतं, पाय ओढत चालणं सुरू होतं, तोल जातो, खुब्याचं हाड मोडतं. गिळणं मंदावतं, घास श्वासनलिकेत जातो, न्यूमोनिया होतो. पक्षाघाताचा धोका वाढतो. लुई बॉडी प्रकारचा स्मृतिभ्रंश असेल तर हॅलोपेरिडॉलचा साधा डोससुद्धा माणसाला आडवा करू शकतो. एप्रिल २००५मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने १७ चाचण्या एकत्र तपासल्या. स्मृतिभ्रंशाच्या वृद्धांत साधारण दहा आठवड्यांच्या काळात नव्या पिढीची अँटिसायकॉटिक घेणाऱ्यांपैकी सुमारे ४.५ टक्के दगावले, खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी २.६ टक्के. औषधाच्या कागदावर काळ्या चौकटीतला इशारा छापायचा हुकूम निघाला. २००८मध्ये तो जुन्या पिढीच्या औषधांनाही लागू झाला.

इशारा छापला गेला आणि गोळ्या चालूच राहिल्या. २०११मध्ये केंद्रीय आरोग्य खात्याच्या महानिरीक्षकांनी २००७च्या पहिल्या सहामाहीची बिलं तपासली. नर्सिंग होममधल्या १४ टक्के वृद्धांच्या नावावर नव्या अँटिसायकॉटिक औषधांची बिलं निघाली, आणि त्यांतली ८८ टक्के स्मृतिभ्रंश असलेल्यांची होती, म्हणजे काळ्या चौकटीत ज्यांना सावध केलं होतं त्यांचीच. जॉन्सन अँड जॉन्सनने २०१३मध्ये २२० कोटी डॉलरची तडजोड केली, तिच्यात रिस्पेरिडोन हे अँटिसायकॉटिक वृद्धांसाठी खपवल्याचा आरोप होता आणि नर्सिंग होमना औषधं पुरवणाऱ्या कंपनीला पैसे चारल्याचाही. ॲबटने २०१२मध्ये १५० कोटी डॉलर भरले. फिट्सवरचं 'डेपाकोट' त्यांनी स्मृतिभ्रंशातल्या चिडचिडीसाठी विकलं होतं. रकमा ऐकून डोळे दिपतात. या कंपन्यांना मात्र त्या धंद्यातला एक खर्चच वाटल्या असाव्यात, असं माझं मत आहे आणि ते बदलावं असं काही अजून घडलेलं नाही.

आता या पुस्तकाचा मला सर्वांत मोलाचा वाटलेला भाग. २०१२मध्ये अमेरिकी सरकारने मोहीम काढली: प्रत्येक नर्सिंग होममध्ये किती टक्के माणसांना अँटिसायकॉटिक दिली जातात ते मोजायचं, जाहीर करायचं आणि संस्थेच्या ताऱ्यांच्या मानांकनात धरायचं. २०११च्या अखेरीस दीर्घकाळ राहणाऱ्यांत हे प्रमाण २३.९ टक्के होतं. काही वर्षांत ते १५ टक्क्यांच्या आत आलं. सत्कार झाले, भाषणं झाली. पण मोजणीत एक पळवाट होती, आणि तिचा हेतू शुद्ध होता: स्किझोफ्रेनिया, हंटिंग्टन आणि टुरेट हे आजार असलेल्यांना औषध खरंच लागतं, म्हणून त्यांना आकड्यातून वगळलं होतं. मग नर्सिंग होममध्ये स्किझोफ्रेनियाचे रुग्ण वाढू लागले. ज्या आजाराची सुरुवात बहुधा विशीत-तिशीत होते, तो आजार ऐंशीच्या घरातल्या, आयुष्यभर पोस्टात नोकरी केलेल्या, नातवंडं खेळवलेल्या माणसांना एका सहीने जडला. सप्टेंबर २०२१मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने हिशोब मांडला: दर नऊ रहिवाशांमागे एकाच्या कागदावर स्किझोफ्रेनिया, सर्वसाधारण लोकसंख्येत हे प्रमाण दीडशेत एक. वगळलेल्यांना धरून मोजलं तर अँटिसायकॉटिक घेणारे किमान २१ टक्के भरत होते.

दुसरी वाट तर त्याहून सोपी होती. मोजणी अँटिसायकॉटिकची होती ना? मग दुसरं काही द्या. महानिरीक्षकांचा २०२२चा अहवाल सांगतो की २०११ ते २०१९ या काळात अँटिसायकॉटिक घटली आणि फिट्सवरची औषधं वाढली. मनावर परिणाम करणारं कुठलं ना कुठलं औषध घेणाऱ्यांचं एकंदर प्रमाण मात्र सगळ्या वर्षांत ८० टक्क्यांच्या आसपासच राहिलं. नाव बदललं, गुंगी तीच. त्याच अहवालातली एक नोंद बातम्यांत फारशी आली नाही, पण माझ्या दृष्टीने तीच कळीची आहे: जिथे रहिवाशांच्या मानाने प्रशिक्षित नर्सेस कमी, आणि जिथे गरीब रहिवासी जास्त, तिथे या औषधांचा वापर जास्त. जानेवारी २०२३पासून सरकारने स्किझोफ्रेनियाच्या निदानांची तपासणी सुरू केली आणि खोट्या निदानांबद्दल तारे कापायला घेतले. माणसं वाढवण्याचा नियमही २०२४मध्ये आला: दर रहिवाशामागे दिवसाला किमान ३.४८ तासांची शुश्रूषा. टेक्ससमधल्या न्यायालयाने तो २०२५मध्ये रद्द ठरवला.

मग गोळी काढून टाकली की काम झालं का? इथे ब्रिटिश संशोधन फार उपयोगी पडतं. प्रोफेसर सुबे बॅनर्जी यांनी २००९मध्ये ब्रिटिश सरकारला दिलेल्या अहवालात अंदाज मांडला होता: स्मृतिभ्रंशाच्या १ लाख ८० हजार रुग्णांना वर्षाला अँटिसायकॉटिक दिली जातात, त्यांतल्या ३६ हजारांना काही फायदा होतो, आणि या औषधांपायी वर्षाला सुमारे १,८०० जादा मृत्यू होतात. त्यानंतर तिथला वापर खरोखर निम्म्याच्या आसपास आला. पण २०१६मध्ये क्लाइव्ह बॅलार्ड आणि सहकाऱ्यांनी १६ नर्सिंग होममधला अभ्यास प्रसिद्ध केला, तो या विषयावर बोलणाऱ्या प्रत्येकाने वाचावा. डॉक्टरांनी औषधांचा नीट आढावा घेतला तेव्हा अँटिसायकॉटिकचा वापर निम्म्यावर आला. आढाव्याच्या जोडीला रहिवाशांशी बोलणं, त्यांच्या आवडीचं काही करणं हेही ठेवलं, तिथे मृत्यू घटले. जिथे नुसता आढावा घेतला, गोळी काढली आणि तिच्या जागी माणूस दिला नाही, तिथे चिडचिड, बेचैनी ही लक्षणं इतरांच्या मानाने वाईट राहिली.

चिडचिडीचं मूळ शोधायचं ठरवलं तर ते पुष्कळदा मनाच्या बाहेर सापडतं. चार दिवस पोट साफ नाही. लघवीच्या मार्गात जंतू आहेत. दाताखाली गळू झालंय. कवळी टोचतेय. कानातल्या यंत्राची बॅटरी संपलीय म्हणून सगळं जग पाठीमागून येऊन अंगाला हात लावतंय. ज्याची भाषा गेली आहे तो माणूस 'दुखतंय' म्हणत नाही, तो मारतो. नॉर्वेत बेटिना हुसेबो यांच्या गटाने १८ नर्सिंग होममधल्या ३५२ स्मृतिभ्रंशाच्या रहिवाशांचा अभ्यास केला. अर्ध्या गटांना आठ आठवडे वेदनाशामकं पायरीपायरीने दिली. बहुतेकांचं काम पहिल्या पायरीवर, साध्या पॅरासिटामॉलवर भागलं. आक्रमक, अस्वस्थ वागण्यात १७ टक्के घट झाली. २०११चा हा अभ्यास. तापावर आपण घरोघरी घेतो ती गोळी.

परदेशी राहणाऱ्या मराठी माणसांसाठी यात एक जादा गोष्ट आहे. स्मृतिभ्रंशात नंतर शिकलेली भाषा पुष्कळदा आधी जाते आणि पाळण्यातली शेवटपर्यंत राहते. न्यू जर्सीतल्या एखाद्या नर्सिंग होममध्ये पन्नास वर्षं उत्तम इंग्रजी बोललेली आजी एक दिवस फक्त मराठीत 'मला मागच्या दारी जायचंय गं' म्हणू लागली, तर मदतनीस कागदावर लिहिणार: असंबद्ध ओरडणं. तिसऱ्या दिवशी त्या नोंदीवर गोळी चढते. अशा वेळी खाटेशेजारी चिकटवलेले पंधरा-वीस मराठी शब्द, रोमन लिपीत उच्चार आणि अर्थासह, कोणत्याही औषधाहून आधी द्यायला हवेत. शब्दांची यादी पुस्तकाच्या शेवटी आहेच. मी तीत 'दुखतंय', 'गार', 'शू' यांच्या वर 'चहा' ठेवला असता.

नैराश्याबद्दल उलटी तक्रार करावी लागते. सरकारी आकडेवारीत अमेरिकी नर्सिंग होममधल्या जवळपास निम्म्या रहिवाशांना नैराश्याचं निदान आहे, आणि त्यावरच्या गोळ्याही सढळ हाताने दिल्या जातात. पण अल्झायमरसोबत नैराश्य असलेल्या ३२६ जणांवर ब्रिटनमध्ये झालेल्या, २०११मध्ये 'लॅन्सेट'ने छापलेल्या चाचणीत सर्ट्रालिन आणि मिर्टाझापिन ही दोन्ही औषधं खोट्या गोळीपेक्षा सरस ठरली नाहीत. स्मृती शाबूत असलेल्यांचं वेगळं आहे, त्यांना या औषधांचा उपयोग होतो आणि समुपदेशनाचाही होतो. समुपदेशन मात्र त्यांच्या वाट्याला क्वचितच येतं. म्हातारपणी उदास वाटायचंच, अशी एक समजूत डॉक्टर, मुलं आणि खुद्द म्हातारी माणसं अशा तिघांनी मिळून जपलेली आहे. नवरा गेला, घर विकलं, स्वयंपाकघराची मालकी गेली, दाराची किल्ली गेली, आता दुपारी काय खायचं हेही दुसरं कुणीतरी ठरवतं. या दुःखाला आजार म्हणावं की नाही यावर पुस्तकातलं एक अख्खं प्रकरण आहे. मी तिथे लेखकाशी पुरता सहमत नाही. परिस्थितीमुळे आलेलं नैराश्यही खरं नैराश्यच असतं, जेवण सोडायला लावणारं, आणि त्याला 'साहजिक' म्हटलं की उपचार टळतात.

किल्ली आणि मालकीवरून आठवलं. यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावात सीताराम गावंडे नावाचे शेतकरी एकशे दहाच्या उंबरठ्यापर्यंत जगले, स्वतःच्या घरात, स्वतःच्या शेतावर नजर ठेवून. त्यांचे नातू, अमेरिकी सर्जन अतुल गावंडे यांनी २०१४च्या 'बीइंग मॉर्टल'मध्ये आजोबांची हकिगत सांगितली आणि त्याच पुस्तकात बिल थॉमस या तरुण डॉक्टरचीही. न्यूयॉर्क राज्यातल्या चेस मेमोरियल नर्सिंग होममध्ये थॉमस यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला दोन कुत्री, चार मांजरं आणि शंभर पक्षी आणले. पिंजरे यायच्या आधी पक्षी आले, तेव्हा मोठा गोंधळ उडाला. खोल्यांत झाडं आली, अंगणात भाजीचा वाफा. गावंडे लिहितात की शेजारच्या तशाच संस्थेच्या तुलनेत तिथली दर माणशी औषधं निम्म्यावर आली आणि सर्वांत मोठी घट हॅलोपेरिडॉलसारख्या औषधांत झाली. उटीच्या आजोबांना रम्य करायचं कारण नाही: ती व्यवस्था घरातल्या बायकांच्या कष्टांवर उभी होती आणि आज ते कष्ट कुणी गृहीत धरू नयेत. कुत्र्या-मांजरांचीही जादू नव्हे. त्यांना खायला घालण्याचं काम रहिवाशांकडे होतं, हे महत्त्वाचं.

वाचकाचा असा समज होऊ नये की लेखक औषधांचा वैरी आहे. ज्यांना तरुणपणापासून स्किझोफ्रेनिया आहे त्यांची गोळी केवळ संस्थेचा आकडा सुधारावा म्हणून कमी करणं हाही अन्यायच, आणि तोही घडलेला आहे. भिंतीतून माणसं येतात म्हणून रात्रभर थरथरणाऱ्या, सुनेच्या हातचं अन्न विष समजून नाकारणाऱ्या रुग्णाला थोड्या मुदतीपुरतं रिस्पेरिडोन देणं योग्य असू शकतं; ब्रिटनमध्ये अल्झायमरमधल्या सतत टिकून राहणाऱ्या आक्रमकतेसाठी त्याला सहा आठवड्यांपर्यंत मान्यता आहे. अमेरिकेत मे २०२३मध्ये ब्रेक्सपिप्राझोल हे औषध अल्झायमरमधल्या अस्वस्थतेसाठी मंजूर झालं, काळ्या चौकटीसकट. फायदा माफक, धोका खरा, मुदत ठरलेली: एवढं कुटुंबाला समजावून मग दिलेली गोळी आणि पाचच्या ठोक्याला सगळ्यांना वाटलेली गोळी, यांत फरक करायला हवा.

अमेरिकी नियमांनी मुदतीचा दंडक घातला आहे आणि तो आपल्याकडच्या कुटुंबांनीही उचलावा. 'लागेल तेव्हा द्या' असं लिहिलेली मनावरची गोळी तिथे १४ दिवसांपुरतीच चालते. अँटिसायकॉटिक असेल तर डॉक्टरने स्वतः तपासल्याशिवाय पुढे चालू ठेवता येत नाही. नियमित गोळी असेल तर पहिल्या वर्षात दोन वेगवेगळ्या तिमाहींत डोस उतरवून बघावा लागतो, नंतर दरवर्षी एकदा. बघायचं नसेल तर कारण लिहावं लागतं. पुण्यातल्या किंवा नाशिकच्या वृद्धाश्रमात असा नियम विचारणारा भेटला की व्यवस्थापक आधी चमकतील, पण विचारायला पैसे पडत नाहीत.

एक गोष्ट मात्र निक्षून. हे पुस्तक वाचून कुणी आईची गोळी आज रात्रीपासून बंद करू नये. लोराझेपाम किंवा अल्प्राझोलामसारखी औषधं बरेच दिवस चालू असताना अचानक तोडली तर फिट येऊ शकते; अँटिसायकॉटिक आणि नैराश्यावरची औषधंही हळूहळूच उतरवायची असतात. डोस कसा उतरवतात ते सहाव्या प्रकरणात आहे, पण ते डॉक्टरांसमोर बसून वाचायचं. जाताना दोन आठवड्यांची वही सोबत न्या: आई किती वाजता चिडली, त्याआधी काय घडलं होतं, पोट कधी साफ झालं, रात्री किती झोपली, आणि चष्मा व कानातलं यंत्र त्या वेळी लावलेलं होतं का.